मुलाखतीतली सुकलेली बाग

आदरणीय केशवराव भाऊजी,

काल मी शिकवतो त्या कॉलेजनं माझा सत्कार केला आणि झेंडूच्या ओल्या हारानं माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या सदऱ्याची कायमची वाट लावली. या अन्यायाची दाद पांढुर्ण्यात कोणाकडे मागावी, कळत नाही.

सत्कार तुमच्या प्रणालीमुळे. तुमच्या घरातली कॉलेज पाहिलेली पहिली पोर आता शेतकीच्या एमएस्सीला चालली. मुलाखतीची तयारी मी करून घेतली. दोन महिने एकच धडा दिला, "तिथं बाप, बाग, रामाकोना गाव काढायचं नाही. पुस्तकातलं बोलायचं."

"पण मामाजी, मले तर बागेतलंच येते."

"म्हणूनच सांगून राहिलो ना!"

मुलाखतीत साहेबांनी संत्र्याच्या सुकलेल्या बागेचा फोटो दाखवून रोग विचारला. आधीची पोरं कीड, बुरशी सांगून बाहेर आली होती. ही म्हणाली, "रोग नाही, सर. बहार यावा म्हणून पाणी तोडलं आहे. माझे बाबा दरवर्षी तोडतात." मग साहेब अर्धा तास तुमच्याच बागेचं विचारत बसले.

पोरीनं माझं ऐकलं असतं, तर घरी बसली असती. निकाल लागेपर्यंत ताईसमोर यायची माझी हिंमत नव्हती. काल पहिल्यांदा पोटभर जेवलो.

हे पत्र टाकणार नाही. तुम्ही पानठेल्यावर सगळ्यांना वाचून दाखवाल.

कॉलेजच्या फळ्यावर प्रणालीच्या नावाखाली 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव होतं. आज सगळे जेवायला गेल्यावर ते पुसलं आणि तिथं तुमचं लिहिलं.

तुमचा मेहुणा,
श्रीकांत