दीड मीटरावरून

१२ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नोकरी लागली. दुभंगलेले ओठ शिवतात आणि त्यासोबत वाकडं नाकही सरळ करतात त्या विभागात मी मुलांचे फोटो काढते, एक शस्त्रक्रियेआधी आणि एक तीन महिन्यांनी. सर्जनबाई दोन्ही फोटो शेजारी ठेवून ठरवतात, कोणाला पुन्हा टेबलावर घ्यायचं. सहा महिने काम बघून मला कायम करतील.

सगळं छान आहे, फक्त माझ्या छोट्या, नवशिक्यांच्या कॅमेऱ्याची लाज वाटते. परवा एका डॉक्टरांनी मला पेशंटची मावशी समजून बाहेर बसायला सांगितलं. तू आयुष्यभर कॅमेरे दुरुस्त केलेस, तेव्हा खरं सांग, मोठा, व्यावसायिक कॅमेरा घेऊ का? आई मजेत आहे, पण तू पत्र लिहीत नाहीस म्हणून फुगली आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
भाची

२ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. आ.

खरं सांगायचं तर तुला छोटा पुरतो. भिंत तीच, उजेड तोच, मूल खुर्चीत बसलेलं. मोठा कॅमेरा धुळीपावसात पळापळ करणाऱ्यांसाठी. पण तुला मावशी म्हटलेलं वाचून माझंच डोकं फिरलं, म्हणून माझा स्वतःचा मोठा कॅमेरा पाठवतोय. तुझी लेन्स त्याला बसेल. मामी म्हणते, शहाणपण सांगायचं आणि नेमकं उलटं वागायचं, ही माझी जुनी खोड आहे.

ताईला म्हणावं, राग सोड. तिलाही लिहितोय.

लोभ आहेच, तो वाढव,
मामा

९ मे

ती. मामास,
सा. न.

घाईत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. तुझा कॅमेरा गळ्यात आल्यापासून सगळे मला मॅडम म्हणतात आणि मीही हवेत होते. बारा मुलांचे आधीचे फोटो छोट्याने काढलेले, नंतरचे तुझ्या मोठ्याने. लेन्स तीच, पण मोठ्यात आजूबाजूचं जास्त मावतं, म्हणून चेहरा लहान दिसायला लागला. फ्रेम भरावी म्हणून मी दीड मीटरावरून एक मीटरावर सरकले. इतक्या जवळून नाक पसरट येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाई आठवडाभर तेच फोटो पुन्हा पुन्हा बघताहेत. आपला हात बिघडला असं त्यांना वाटतंय. दोन मुलांची नाकं पुन्हा उघडायची, असं त्यांनी यादीत लिहिलंय. खरं कारण फक्त मला माहीत आहे. नोकरी जाईल, पण हे पत्र पेटीत टाकून मी तशीच त्यांच्या खोलीत जाणार आहे.

तुझी,
भाची

१८ मे

चि. खारूताईस,
अ. आ.

आधी चूक माझी. ज्या कॅमेऱ्याने आधीचा फोटो, त्यानेच नंतरचा आणि तेवढ्याच अंतरावरून, हे मी गिऱ्हाइकांना बजावत आलो. घरच्या पोरीला सांगायचं मात्र राहिलं. कौतुकाच्या भरात माणूस असा गाफील होतो.

नोकरी गेली तर माझ्या दुकानात ये, स्क्रू हरवायला मला सोबत हवीच आहे. पण तू सांगायला गेलीस, हे वाचून ऊर भरून आला. ताईला आजच लिहिलं की पोरगी चांगली वाढवलीस, तुझे आभार.

तुझा,
मामा

६ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे पुसले. म्हणाल्या, आठवडाभर त्या स्वतःच्याच हातांकडे बघत होत्या. मग मला चांगलं झापलं. बाराही मुलांना परत बोलावून मी छोट्या कॅमेऱ्याने, दीड मीटरावरून फोटो काढले. कोणालाच पुन्हा टेबलावर घ्यायचं नाही. मला कायम करणं तीन महिने पुढे गेलं, आणि ते मला पटलं. तुझा कॅमेरा जपून परत पाठवते. तू तो दिलास आणि चूकही वाटून घेतलीस, दोन्हीसाठी तुझे आभार मानावेत तेवढे थोडे.

यादीतल्या त्या दोघांमधली एक मुलगी चार वर्षांची आहे. तिने आधीच्या फोटोवर बोट ठेवून आईला विचारलं, ही मुलगी कोण. आईने तिला जवळ घेतलं. नंतर जाताना आई एकटीच मागे वळली आणि तो आधीचा फोटो मला मिळेल का, असं तिने हळूच विचारलं. म्हणाली, पोर विसरली ते बरंच झालं, पण चार वर्षं मी याच तोंडाचे पापे घेतलेत.

मी तिला त्याची मोठी प्रत काढून दिली.

मामीला नमस्कार. माया अशीच असू दे.
तुझी,
भाची