तिसरा महिना भरेपर्यंत

मंगळ, ९ जानेवारी २००७
चेण्याच्या वळणावर बसमध्ये उलटी. रुमालावर निभावलं. कंडक्टर म्हणाला, "ताई, खिडकीशी बसा. हे वळणच वाईट हाय." वळण बिचारं बदनाम. खरं कारण मला, नितीनला आणि सासूबाईंना माहीत. तिसरा महिना भरेपर्यंत चौथ्या माणसाला कळता कामा नये, असा सा.बां.चा हुकूम. मागच्या वेळी दुसऱ्याच महिन्यात मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले, आणि मग पुढच्याच आठवड्यात... जाऊ दे.
लॅबच्या दारावर पाटी आहे: लिस्टेरिया जंतूंचं काम चालू, गरोदर स्त्रियांनी आत येऊ नये. रोज वाचते, रोज आत जाते.

शुक्र, १२ जाने.
सरांनी आज एम.एस्सी.च्या मुलांना स्विच शिकवला. फळ्यावर गच्चीवरची पाण्याची टाकी काढली. "टाकी भरली की बॉल वर येतो आणि नळ बंद. वॉचमन लागतो का?" बॅक्टेरियाचं तेच. बी-वन जीवनसत्त्व पुरेसं झालं की त्याचा रेणू थेट जीनच्या निरोपातच, म्हणजे आरएनएच्या घडीत, जाऊन बसतो. घडी आवळते, बी-वन बनवणं बंद. मधे कुणी प्रोटीन-बिटीन नाही, निरोप स्वतःच चाचपून बघतो. एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या नवघरला टाकी भरतच नाही, बॉल कधी वर आलेला बघितलाच नाही." सगळे हसले. मीही.
माझ्या पीएच.डी.चा स्विच मात्र रेणू नाही, ऊब ओळखतो. गारव्यात लिस्टेरियाचा आरएनए मिटलेला. सदतीस डिग्रीला घडी सुटते आणि माणसात शिरायची सगळी हत्यारं बनायला लागतात. वर्षभर मी "किती सुंदर" म्हणत होते. सदतीस म्हणजे आपलं अंग. त्या अंगात आता आणखी कुणी आहे.

सोम, १५ जाने.
सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरताना लिस्टेरियाची ट्यूब फुटली. माझीच. झाकण उघडलं तेव्हा लक्षात आलं. मास्कने मळमळतं म्हणून तो हनुवटीवर ओढलेला. झाकण परत लावलं, बाहेर पळाले, मग नियमाप्रमाणे सगळं पुसलं. सर म्हणाले, "होतं असं. तुम्ही ठीक ना?" तेव्हाच सांगायचं. ओठांवर आलं होतं. "ठीक आहे सर."
का नाही सांगितलं? काम काढून घेतील, हे एक. दुसरं लिहायला लाज वाटते. पीएच.डी. करणारी बाई नजर लागण्यावर विश्वास ठेवते का? नाही ठेवत. पण मागच्या वेळी सांगितलं होतं, आणि गेलं. या वेळी नाही सांगितलं, आणि आहे.

शनि, २० जाने.
घरी हळदीकुंकू. तिसऱ्या मजल्यावरच्या जिग्नाबेन माझ्याकडे बघून, "क्या भाभी, कुछ गुड न्यूज?" सा.बा. तिळगुळाचा डबा पुढे करत, "अभी तो पढाई चालू है उसका." इतकं सफाईने की मलाच खरं वाटलं. नंतर स्वयंपाकघरात माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "थोडेच दिवस गो. मग सगळ्यांका सांगू."
ट्यूबचं त्यांना सांगितलेलं नाही. नितीनलाही नाही.

रवि, २८ जाने.
ताप. अंग ठणकतंय, पाठ जास्त. नितीन म्हणतो ऑफिसात सगळ्यांना व्हायरल आहे. असेलही. पण लिस्टेरियाही असाच येतो. आईला नुसती कणकण आणि पोटातल्याला... वाक्य पूर्ण करवत नाही. किती पेपर वाचलेत मी यावर, सगळे पाठ आहेत. आज एक ओळ विसरता आली असती तर बरं झालं असतं.
भीती वाटते. दुसरं काही नाही, नुसती भीती.

सोम, २९ जाने.
डॉक्टरबाईंकडे. सा.बा. सोबत. बाई म्हणाल्या, "व्हायरल दिसतंय, क्रोसिन घ्या, आराम करा." आणि सहज विचारलं, "काम काय करता?" मी तोंड उघडायच्या आत सा.बा., सवयीने, "शिकते हो ती अजून." बाईंनी पेन उचललं. कागद फाडून हातात दिला की संपलं होतं.
"बाई, मी लिस्टेरियावर काम करते. पंधरा तारखेला ट्यूब फुटली. मास्क नव्हता. दारावर पाटी आहे, तरी आत जात होते."
पेन थांबलं. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"
पुढचं भराभर. रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का बघायला, अँपिसिलिन लगेच सुईने, रिपोर्टची वाट न बघता. अ‍ॅडमिट. सोनोग्राफीत ठोके दिसले. दिसले! मी रडले.
सा.बा. कोपऱ्यात उभ्या. "त्या पाटीवर काय लिवलेला होता?" मी सांगितलं. म्हणाल्या, "माका म्हायत असता तर मीच तुझ्या सरांका सांगितलं असतं." खरंच सांगितलं असतं त्यांनी. मीच विचारलं नाही.
संध्याकाळी नितीन आला, त्याला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. पायाशी बसून राहिला. ओरडला असता तर बरं होतं.

मंगळ, ३० जाने.
सरांना फोन. म्हणाले, "लॅब बंद करतो. बाकीच्यांना तपासून घेतो. तुम्ही आल्यावर बी-वनकडे या, ते बॅक्टेरिया गरीब आहेत." फोन ठेवता ठेवता, "मी पाटी लावली आणि माझं काम झालं असं समजलो. विचारलं नाही कधी."
ताप उतरला. अँपिसिलिनने की व्हायरल संपलं म्हणून, कोण सांगणार? बाई म्हणतात कल्चरला वेळ द्यावा लागतो. मला सांगतायत! मीच कल्चरच्या बाटल्या भरत आलेय.

गुरु, १ फेब्रु.
रिपोर्ट नाही. उद्या कदाचित, असं हॉस्पिटलचा लॅबवाला म्हणाला.
दुपारी डोळा लागला होता. सा.बां.च्या आवाजाने जाग आली. दाराशी उभ्या, नितीनच्या मोबाइलवर, रत्नागिरीला. पलीकडे नितीनच्या कमी ऐकू येणाऱ्या मोठ्या काकू असणार, कारण सा.बा. ओरडून बोलत होत्या.
"होय गो, दिवस गेलेत. नाय, तिसरो भरूक नाय अजून. असूंदे. देवळात जावन गाऱ्हाणा घाल. गुरवाक नाव घेवन सांग, सगळ्यांदेखत सांग."
फोन ठेवून दुसरा नंबर लावला. मग तिसरा.