बर्थाचा धूर आणि माझं नसलेलं मत

३ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण तसंच मोठं आहे. माझी बॉस मॅरिबेथ हिने नवं विधेयक माझ्या टेबलावर ठेवलं. घरामागच्या अंगणात लाकडावर मांस शिजवायच्या भट्ट्यांवर राज्यभर बंदी. कायदा झाला तर हवेत जाणारा कार्बन किती टनांनी घटेल, याचा अंदाज मी काढायचा. अहवालावर पहिल्यांदाच माझं एकट्याचं नाव येणार.

विधिमंडळासाठी हिशोब करणाऱ्या आमच्या डेन्व्हरच्या ऑफिसात कुणालाही मत नसतं. डेमोक्रॅट येवोत, रिपब्लिकन येवोत, आम्ही फक्त आकडा देतो. गाडीवर पक्षाचं स्टिकर नाही, अंगणात उमेदवाराची पाटी नाही. आज बर्फ पडेल का, असं विचारलं तरी मॅरिबेथ म्हणते, दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे.

माझ्या अंगणात अशी एक भट्टी आहे, ही गोष्ट गैरलागू. (काळं लोखंड, सफरचंदाचं लाकूड. नाव बर्था.) उगाच सांगून मॅरिबेथचा वेळ कशाला घ्या? मला या विधेयकाबद्दल काहीही मत नाही.

५ मार्च
विधेयकाचं मूळ शेजारी आहे! इंग्रिड थोरसन, पोहणं शिकवणारी निवृत्त बाई, हे विधेयक मांडणाऱ्या सेनेटर प्रुइटबाईंकडे गेली होती. म्हणे घरातल्या पडद्यांना, उशांना आणि मांजरालाही भाजलेल्या बरगड्यांचा वास येतो. मांजराची तक्रार नसणार.

संकल्प: अहवाल पुरा होईपर्यंत बर्था पेटवायची नाही. निष्पक्षपणा नुसता असून भागत नाही, दिसावाही लागतो.

८ मार्च, रविवार
पेटवली. पण कामासाठी. एका वेळेला किती लाकूड जळतं, ते वजन करून बघायचं होतं. रिकाम्या भट्टीत अंदाज नीट येत नाही, म्हणून बरगड्या ठेवल्या.

इंग्रिड कुंपणापाशी आली. काहीतरी बोलणार, तोच मी नेहमीसारखी प्लेट हातात दिली. मुकाट्याने घेऊन गेली. विधेयक आणते, पण हात मागे घेत नाही. माणसाचा स्वभाव!

११ मार्च
पुन्हा वजन केलं. एका मोजणीवर शास्त्र उभं राहत नाही. बायको, रेनाटा, म्हणाली की आज शास्त्रात सॉस कमी पडलाय.

१६ मार्च
अडचण. लोक भट्टी कितीदा पेटवतात, ही माहिती कुठेच नाही. दिवसभर फोन लावले. सगळे म्हणतात, "कधीतरी." कधीतरीचा गुणाकार कसा करणार? शेवटी ठरवलं, एक साधासुधा, मध्यमवर्गीय गृहस्थ नमुना म्हणून घ्यायचा आणि त्यावरून राज्याचा हिशोब मांडायचा. गृहस्थ शोधायला लांब जावं लागलं नाही.

रेनाटाला सांगितलं, तर तिने काटा खाली ठेवला. "हॉलिस, तू साधासुधा? थँक्सगिव्हिंगला आपल्या दारात अग्निशमन दलाची गाडी आली होती."

ती गाडी गैरसमजातून आली होती. शिवाय दलाच्या मंडळींनी दोनदोनदा वाढून घेतलं.

२० मार्च
आकडा लहान येणार, याची खात्री आहे. लहान आला की विधेयक समितीतच गार. अर्थात गार झालं काय, न झालं काय, मला सारखंच.

(संध्याकाळी ट्राउट. मासे मी मोजणीत धरत नाही. रेनाटा म्हणाली, धर. शास्त्रासाठी धरले.)

२४ मार्च
आकडा आला. बेरीज पुन्हा केली, तोच आला. कॅल्क्युलेटर बदलला. राज्यातल्या अंगणांचा धूर सगळ्या सिटी बसच्या धुरापेक्षा जास्त निघतोय.

मग लक्षात आलं, हीच माझ्या सचोटीची कसोटी. अहवाल दिला. मॅरिबेथ म्हणाली, आकडा फार मोठा वाटतो. मी म्हटलं, वाटणं आपल्या कामात बसत नाही. तिने अहवाल पुढे पाठवला. आणि समितीत अहवाल वाचतं तरी कोण?

२ एप्रिल
सगळ्यांनी वाचला होता. प्रुइटबाईंनी तर आकडा मोठ्याने वाचून दाखवला. इंग्रिडने साक्षीत अहवालाचे आभार मानले. मग पूर्वेकडच्या गुरांच्या कुरणांच्या भागातल्या एका म्हाताऱ्या सदस्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "या कागदाप्रमाणं आमच्याकडं घरटी आठवड्यातनं तीनचारदा लाकडं जळतायत. आमच्याकडं तर एवढा वेळ कुणाला नाही बाबा. हा नमुन्याचा माणूस आहे तरी कुठला?"

मी म्हटलं, एक साधासुधा गृहस्थ.

मागून इंग्रिडचा आवाज आला. "माझ्या शेजारी राहतो."

सगळी समिती हसली. मॅरिबेथ हसली नाही.

३ एप्रिल
मॅरिबेथने खोलीत बोलावलं. भट्टी आहे का, विचारलं. मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. तिने अहवाल काढून घेतला. हिशोब ती नव्याने करणार, नावही तिचंच लागणार. मला राज्याची अधिकृत भाजी ठरवण्याचं विधेयक मिळालं. धूर: शून्य.

वाईट वाटलं. त्या पानावर माझं नाव हवं होतं मला.

९ एप्रिल
नवा अहवाल आला. बंदीने मोजण्याइतका फरक पडणार नाही. विधेयक समितीतच मेलं. बर्था वाचली! संकल्प: रविवारी टर्की आणि बरगड्या, दोन्ही.

तळटीप नंतर वाचली. "डेन्व्हरमधील एक घर सर्वसाधारण नसल्याने गणनेतून वगळले आहे. ते धरल्यास निष्कर्ष बदलेल."

१२ एप्रिल, रविवार
सकाळी लाकडं रचत होतो. इंग्रिड कुंपणापाशी आली. भांडेल म्हणून तयारीत होतो. ती एवढंच म्हणाली, "कायदा काही झाला नाही. आता तुलाच विचारते. रविवारी तरी मला खिडकी उघडू देशील का?"

मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस? सेनेटरपर्यंत कशाला जायचं?

"दर रविवारी सांगायलाच येत होते, हॉलिस. तू हातात प्लेट द्यायचास."

रचलेली लाकडं शेडमध्ये नेऊन ठेवली. टर्की स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये गेली. इंग्रिडला जेवायला बोलावलं, ती मांजर घेऊन आली. दोन्ही घरांच्या खिडक्या उघड्या होत्या. रेनाटा म्हणाली, छान झालीय. इंग्रिडने दोनदा वाढून घेतलं.

ओव्हनमधल्या टर्कीबद्दल मला काहीही मत नाही.