घरातून फुटलेली गोष्ट

१२ सप्टेंबर

सातव्या प्रकरणाच्या अनुवादात अडकले. एका शब्दापायी अख्खा दिवस गेला.

इम्रिखनं पुस्तक इंग्रजीत लिहिलंय. चाळीस वर्षं कॅनडात काढल्यावर दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिणार! त्र्याऐंशी साली, कम्युनिस्ट राजवटीत, तो आमच्या ब्रेझ्नो गावातून पळाला, त्याची ही हकिकत. इंग्रजीत माणूस निसटला तर एक शब्द, आणि पाणी गळलं किंवा बातमी फुटली तर दुसरा. आमच्या स्लोवाकमध्ये दोन्हीकडे 'ऊन्यिक' चालतो. गॅस, पाणी, गुपित, माणूस – सगळं एकाच भोकातून बाहेर. माणसासाठी 'ऊत्येक' आहे वेगळा, पण त्याला तेव्हाच्या पोलिसी कागदांचा वास येतो. इम्रिखला फोन करून विचारलं. तो म्हणाला, तिथं तुम्ही राहता, तुम्हीच ठरवा.

ते ठरेल एक वेळ. खरं घोडं पेंड खातंय ते पुढच्या वाक्यात – "घरातल्याच कुणीतरी हे फोडलं होतं."

बेत साधा होता. समुद्रावर सुट्टीला म्हणून युगोस्लाव्हियात जायचं, तिथून सीमा ओलांडायची. पण दोन दिवस आधीच पोलीस दारात. हा मागच्या कुंपणावरून उडी टाकून गेला. प्रवासाचा परवाना खिशातच होता म्हणून निभावलं. आईचा निरोप घ्यायचा राहिला, तो राहिलाच.

तेव्हा घरात होतं कोण? आई आणि धाकटी बहीण. आई वारली. बहीण हेर्मीना, जिला सारं गाव मावशी म्हणतं, इथंच चर्चमागच्या गल्लीत राहते. हे वाक्य छापलं की गाव कुणाकडे बघणार ते उघड आहे.

१३ सप्टेंबर

'ऊन्यिक' वापरला की करणारा माणूस लागतच नाही. "घरातून गोष्ट फुटली." कुणी फोडली नाही, आपली फुटली. तसं लिहून टाकलं. लेखकाचं 'कुणीतरी' मी गिळलं – आणि ते घशात अडकलंय.

१४ सप्टेंबर

पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं.

१८ सप्टेंबर

जायला नको होतं.

छापून येईपर्यंत कुणाला काही दाखवायचं नाही, असं मी प्रकाशकाला कबूल केलंय. तरी मावशीकडे गेले. जुन्या घराची माहिती विचारायची आहे, अशी स्वतःची समजूत घातली. मावशी अंगणात आलुबुखारांचा मुरंबा घोटत होती. मी पण एक उलथनं घेऊन बसले. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, माझ्याबद्दल काय लिहिलंय त्यानं? काही नाही, म्हटलं. तिनं माझ्या पिशवीतल्या कागदांकडे बोट केलं. मग मी ते पान वाचून दाखवलं – माझं, मऊ केलेलं.

"फुटली?" ती म्हणाली. "आपोआप? गोष्ट आहे का गॅसची शेगडी?"

मग तिला खरं वाक्य सांगावं लागलं. तिचा हात थांबला नाही. थांबला असता तर मुरंबा करपला असता. खालमानेनं म्हणाली, "आई गेली होती पोलिसांकडे. आदल्या वर्षी शेजारचा मिलोश सीमेवर गोळी लागून गेला. तेव्हापासून तिला झोप नव्हती. तिला वाटलं, परवाना काढून घेतील, पोरगं घरात राहील. एवढंच."

भाऊ पळाला म्हणून मावशीला डॉक्टरकीच्या शिक्षणातून काढलं आणि तिचा जन्म इस्पितळाच्या धोबीखान्यात गेला, हे गावाला माहीत आहे. आईचं हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. इम्रिखला तुम्ही कधीच कसं सांगितलं नाहीत, मी विचारलं.

"बहिणीवर राग धरून माणूस जगतो, ब्लाझेना. आईवर धरून काय जगणार? त्याला वाटू दे मीच. तू 'कुणीतरी'च लिही. आणि हे कुठं बोलायचं नाही – शब्द दे."

दिला शब्द. येताना तिनं मुरंब्याची बरणी हातात दिली. मला ती उघडवत नाही.

२१ सप्टेंबर

वाक्य मुळाबरहुकूम लिहिलं. 'कुणीतरी' जागच्या जागी. अनुवाद बिनचूक आहे, आणि एका निरपराध बाईचं नाव न घेता तिला गावासमोर उभी करतो. हे मला ठाऊक, आणि ज्यानं लिहिलं त्यालाच ठाऊक नाही! प्रकाशकाचं सारखं विचारणं चाललंय, पानं कधी देता.

२४ सप्टेंबर

सांगून टाकलं. इम्रिखला फोन केला तो 'निसटणे'च्या शब्दाबद्दल बोलायला. निदान तसं ठरवलं होतं. बोलता बोलता आई, पोलीस, मिलोश, सगळं बाहेर आलं. बाहेर आलं कसलं, मी फोडलं.

नंतर बोलू, म्हणून त्यानं फोन ठेवला.

मावशीला शब्द दिला होता. आठवडाभरसुद्धा पाळता आला नाही. दुपारी बेकरीत ती भेटली, रांगेत मला पुढे घेतलं, पाठीवर हात ठेवला. मी पाव न घेताच निघून आले.

२५ सप्टेंबर

इम्रिखचा फोन. आईनं मरायच्या आधी त्याला स्वतःच सगळं सांगितलं होतं. हस्तलिखितात त्यानं आधी 'आईनं' असंच लिहिलं होतं. नंतर खोडून 'कुणीतरी' केलं – हेर्मीनाला आईचं हे कधी कळू नये म्हणून.