हाताला विचारू नको

किन्हवली, माघ, १९६६

प्रिय ठकू,

सगळ्यांत आधी टपकला तो मुलाचा मामा, महादू. टोकावड्याहून पहिल्या एसटीने आला आणि टेकायच्या आधी म्हणाला, चहात गूळ सढळ टाका हां! मागाहून मुलगा, त्याचा बाप आणि आई सुंदरा. माझ्या नातीला, गिरजाला बघायला गो! ती पाळण्यात होती तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खाटेवर होते.

यमाजीने मान खाली घालून सांगितलं, आये, आज तू गोठ्यातच बस. रागावले नाय. सात वर्षांमागे महारोगाच्या दवाखान्यातून मला घरी आणलं ते याच लेकाने. माझी वाकडी, बधिर बोटं बघून पाहुणे उठले असते तर? बसले गाईपाशी, हात पदरात घेऊन. दवाखान्यातली आपली ओसरी आठवली. रोज संध्याकाळी एकमेकींचे हातपाय तपासायचो, कुठे काटा, कुठे फोड. तू दटावायचीस, बाईजे, हाताला विचारू नको, डोळ्यांना विचार! अक्षरंही तूच गिरवून घेतलीस, तेव्हा या पत्रातल्या चुका तुझ्या.

तर झालं काय, मागच्या चुलीवर दूध उतू चाललं. सून पुढे पोहे देत होती. मी धावले आणि रसरसलेलं पातेलं उघड्या हातांनी उतरवलं. फडकं बाजूलाच! वळते तर पाय धुवायला आलेली सुंदरा समोर. म्हटलं, गिरजाचं जमलेलं मीच मोडलं. पण तिने माझा दंड धरून बसवलं, हातांवर गार पाणी ओतत राहिली. दंडाला मला कळतं गो. मग भावाला हाक मारली, महादू, इकडं ये, बघ, बाबाचे हात!

त्यांचा बापही याच रोगातून बरा होऊन आला होता, तरी यांनी त्याला शेवटपर्यंत खोपटातच ठेवला. महादू आला, बघितलं, आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. सुंदराने माझ्याकडेच पाणी मागितलं, घटाघट प्यायली. मग काय, गिरजाला बघायचा कार्यक्रम सगळा गाईसमोर! महादू दोन कप चहा प्याला, वर म्हणतो, गूळ कमीच.

ठकू, बरी झाल्याचा तुझा कागद चार वर्षं पेटीत पडलाय आणि तू अजून दवाखान्याच्या कुंपणाआतच. बाहेर माझ्या हातचं पाणी कोण पिणार, म्हणतेस. म्हणून फडकं बांधलेल्या हाताने हे लिहिलंय. ये, त्यांना पाणी तू दे. साखरपुड्याचा नारळ घेऊन ते होळीनंतरच्या गुरुवारी येतायत.

तुझीच,
बाईजा