धाकट्या काकांची पट्टी

तीर्थरूप थोरल्या काकांच्या सेवेशी,

पुतण्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच घालतो. प्रत्यक्षात घातला असता तर मला उठवायला चार माणसं लागली असती, आणि आमच्याकडची चारही माणसं सध्या एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कारण पुढे येईलच.) आपली तब्येत बरी असेल, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत असाल, अशी आशा करतो. आजची राहिली असेल तर आधी घ्या आणि मग पुढे वाचा. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे धाकटे काका गेले. मी फोन केला तेव्हा तुम्ही "बरं" एवढं म्हणून ठेवून दिलात, तेव्हा ती बातमी तुम्हाला नवी नाही. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. त्रास झाला तो घरापासून स्मशानापर्यंत न्यायला, आणि तो मी दिला.

मी शववाहिका चालवतो हे तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे. (ताईच्या सासरी मी 'वाहतूक खात्यात' आहे, असं तुम्ही सांगितलंय. खोटं नाही ते.) आमची व्हॅन माझ्याहून दोन-चार वर्षांनीच धाकटी असेल. तिचा पेट्रोलचा काटा कधीचा अर्ध्यावर मरून पडलाय. टाकी काठोकाठ असो की कोरडी ठाक, तो आपला अर्धी म्हणतो. म्हणून नोकरीच्या पहिल्याच दिवशी धाकट्या काकांनी मला एक लाकडी फूटपट्टी दिली, टोकाला भोक पाडून दोरी बांधलेली. रोज सकाळी टाकीत सोडायची, किती भिजते ते बघायचं, मगच गाडीला किल्ली लावायची. आठ वर्षांत एक सकाळ चुकवली नाही. त्या दिवशी चुकवली. पट्टी हातात घेतली, तिच्यावर त्यांच्या बोटांचे ऑइलचे डाग दिसले, आणि मला काही ती टाकीत घालवेना. तशीच परत खिळ्याला अडकवली.

घरून निघालो ते ठीक निघालो. काका मागे, त्यांच्याशेजारी काकू. त्यांच्या गॅरेजसमोर दोन मिनिटं थांबायचं ठरलं होतं, तिथे थांबलो. पुन्हा सेल्फ मारला तर सेल्फ फिरतोय खणखणीत, पण गाडी चालू होईल तर शपथ! दुसऱ्या कुणाची गाडी अशी अडली असती तर माणसांनी खांदा दिला असता. पण इथे मागून चालत कोण येत होतं? काकांच्या हाताखाली शिकून मोठे झालेले चार मेकॅनिक, धुतलेल्या पांढऱ्या शर्टांत. मला 'सरक' म्हणायचीही तसदी न घेता चौघांनी बाह्या सरसावल्या, बॉनेट उघडलं आणि चार डोकी आत गेली.

सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी शाबूत, इथवर चौघांचं एकमत होतं. ते शेवटचंच. टकल्याने प्लग काढून करंट पाहिला. करंट होता. चष्मेवाल्याला तो करंट पिवळा, म्हणजे कमजोर वाटला, म्हणून तो कॉइलच्या मागे लागला. तिसऱ्याने नळी सोडली, पेट्रोल येईना, तेव्हा पंप गेला असं जाहीर करून त्याने पंप उतरवला. चौथ्याने फिल्टर काढून फुंकला आणि वर मला विचारलं, गाडीची निगा ठेवता येत नसेल तर चालवतोस कशाला? पाऊण तास असा गेला. ऊन चढलं. लोक सावलीला सरकले, कुणी हळूच घड्याळ बघू लागलं. बोलता बोलता तिसरा चष्मेवाल्याला म्हणाला की तुला मालकांनी शिकवलं ही त्यांची एकच चूक. मग दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या, त्या शर्टांवर ग्रीसचे पंजे उठले. आणि टकल्या, सवयीने, अगदी रोजच्यासारखा व्हॅनच्या मागच्या दारात वाकला आणि विचारून बसला, "मालक, करंट तर येतोय. आता काय बघू?"

विचारल्यावर कळलं त्याला. तिथेच रस्त्यात फतकल मारून बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मालक काही बोलले नाहीत. काकू बोलली, सकाळपासून पहिल्यांदा. मला म्हणाली, "पट्टी घातलीस का रे?"

काका, मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं ते मला कळलं, आणि तेही त्या गाडीत! पट्टी घातली. ठणठणीत कोरडी निघाली. चौघांना धडा पहिला म्हणून हीच पट्टी शिकवलेली, आणि चौघांतल्या एकानेही विचारलं नाही, कारण मालकांच्या पुतण्याला इतकं साधं काय विचारायचं? (तेव्हापासून चौघांची बोलाचाली बंद. माझ्याशी तर आहेच.) गॅरेजमधला कॅन आणून ओतला, पंप बसवला, आणि दुसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली. धाकटे काका शेवटच्या प्रवासाला दीड तास उशिरा पोचले, तेही माझ्यापायी. हे मला जन्मभर पुरेल.

ताईच्या लग्नातल्या त्या प्रकाराचं मी नाव काढणार नाही. पण बारा वर्षांपूर्वी तुमची गाडीही मांडवासमोर अशीच सेल्फ मारून मारूनही चालू झाली नव्हती, आणि आदल्या दिवशी ती काकांनी तपासलेली होती, म्हणून व्याह्यांसमोर तुम्ही त्यांना जे बोललात आणि पुन्हा दारात पाऊल ठेवू नकोस म्हणालात, ते सगळ्यांनी ऐकलंय. त्यांनी ठेवलं नाही. ते खाली मान घालून "कॉइल गेली, चूक माझी" एवढंच म्हणाले होते.

थांबतो. गोळी घेत जा.

आपला आज्ञाधारक (ता. क. वगळून) पुतण्या

ता. क. : कॉइल गेली नव्हती. त्या दिवशीही काकांनी पट्टी घातली होती आणि ती कोरडी निघाली होती. पण "टाकी मी स्वतः उभं राहून भरून घेतली" असं तुम्ही व्याह्यांना नुकतंच सांगून बसला होतात. तुमचं हसं होऊ नये म्हणून ते गप्प बसले. हे काकूने मला स्मशानातून परतताना सांगितलं.

आणखी ता. क. : हे तुम्हाला कळवायचं नाही अशी काकूची शपथ आहे. काकांनी बारा वर्षं पोटात ठेवलं. मला बारा दिवस जमलं नाही.

शेवटचा ता. क. : रविवारी गॅरेज पुन्हा उघडायचंय. शटर कुणी वर करायचं यावरून चौघांचं जुंपलंय. काकू म्हणाली, थोरले इथे असते तर प्रश्नच नव्हता. म्हणून सोबत पट्टी पाठवतोय. पुसताना काल पहिल्यांदा नीट पाहिली. मागच्या बाजूला शाळेतल्या अक्षरात ब्लेडने कोरलेलं नाव तुमचं आहे. निघण्याआधी टाकीत घालून बघा.