तिसरी आळी सी ड्राइव्हमध्ये होती

४ ऑगस्ट, रविवार

चार कामं झाली. अपडेट, व्हायरसची तपासणी, बॅकअप, धूळ. सव्वा तास गेला. घरचं मशीन (कॉम्प्युटर) दहा वर्षांचं झालं. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत याच्यानंतर आलेली तीन मशीनं भंगारात गेली, कारण त्यांच्याकडं कुणी बघितलंच नाही. (ग्रंथपाल मीच. म्हणजे न बघणाऱ्यांत मीही आले.)

अण्णांनी आज पुन्हा भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबून मशीन बंद केलं. सासरे आहेत, जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. किती वेळा बोलणार?

"पंखा बंद करतो तसंच की गं, सुरेखा."

"अण्णा, पंख्याला काही लक्षात ठेवायचं नसतं."

ते हसले. मला हसू आलं नाही. भिंतीवर कागद चिकटवला: शट डाऊन, दिवा विझेपर्यंत थांबा, मग बटण. मोठ्या अक्षरांत. लिहिताना वाटलं, ह्यांनीच शेकडो पोरांना अक्षर शिकवलं असेल. तरी चिकटवला.

१८ ऑगस्ट, रविवार

डेस्कटॉपवर अण्णांच्या सत्तावीस फायली. 'नवीन', 'नवीन १', 'खरी नवीन'. सगळ्या उचलून डी ड्राइव्हमधल्या त्यांच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. बॅकअप डीचा होतो, हे त्यांना पुन्हा समजावलं. "परत इथं पसारा दिसला तर डिलीट करीन."

करणार नव्हते. ते "बरं" म्हणाले, अगदी शाळेतल्या पोरानं म्हणावं तसं. मला ते आवडलं, हे लिहून ठेवते.

त्या फायलींत जुनं गाव आहे. भूकंपाआधीचं सास्तूर, आळी-आळीनं, घर-घर. कुणाचं दार कुठं, उंबऱ्यासमोर काय होतं, आत किती माणसं. पहिल्या दोन आळ्या त्यांनी वह्यांत लिहून मग टाइप केल्या. तिसरीपासून थेट मशीनवर. "दोनदा कशाला कष्ट? वह्यांना वाळवी लागते," हे माझंच म्हणणं. आता जुने लोक येऊन शेजारच्या खुर्चीत बसतात, सांगतात, आणि अण्णा दोन बोटांनी टाइप करतात.

८ सप्टेंबर, रविवार

चार कामं. धूळ वरवरच काढली. आत पंख्यावर थर बसलाय, मशीन घरघरतं. आत्याबाई त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवतात, "थंडी वाजंल त्याला" म्हणतात. चेष्टा असते की खरं, इतक्या वर्षांत सासूचं हे मला कळलेलं नाही.

तिसरी आळी आज पूर्ण झाली. शेवटच्या घरावरून दोन म्हाताऱ्यांचं भांडण.

"दार उगवतीला हुतं."

"मावळतीला, लेका! तुला बघायला पाव्हणे आले तवा ऊन त्यांच्या डोळ्यात जात हुतं म्हणून तू पसंत पडलास."

अण्णा हसून हसून खोकले. शेवटी लिहिलं: दार मावळतीला. मागच्या वर्षी सांगायला येऊन बसलेल्यांतले तिघं आता नाहीत. त्यांनी सांगितलेलं फक्त या फायलीत आहे.

तीस तारखेला, भूकंपाच्या दिवशी, शाळेच्या पटांगणात लोक जमतील तेव्हा तिन्ही आळ्या वाचायच्या असं ठरलंय. अण्णा आत्तापासून चष्मा पुसतायत.

२२ सप्टेंबर, रविवार

घट बसायला अकरा दिवस. घरातलं सगळं धुणं काढलं. वाकळा, गाद्यांच्या खोळी, डबे, पाट. आत्याबाई सकाळपासून कमरेला पदर खोचून.

"सगळं घर धुतलंस, अन् ते कळकट धूड तेवढं ठिवलंस व्हय?"

मशीनला म्हणाल्या. लागलं. डबा (सीपीयूचा) वायरी काढून स्कूटीवर पुढं ठेवला आणि फाट्यावर गफूरभाईंच्या पंक्चरच्या दुकानात नेला. कॉम्प्रेसरनं हवा मारून आणली. इकडं सगळे असंच करतात. दोन वर्षांपूर्वी मीही केलं होतं, काही झालं नव्हतं. धुळीचा ढग निघाला. आतून नव्यासारखं.

घरी आणून जोडलं. अण्णा खुर्चीत बसूनच होते, वाचायचा कागद छापून घ्यायचा होता त्यांना. बटण दाबलं. टप् असा आवाज. जळका वास. मग काहीच नाही.

बॅकअप आहे. घाबरायचं कारण नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

रजा टाकली. विलास (नवरा) आणि मी डबा घेऊन उमरग्याला, मशीन दुरुस्त करणाऱ्या महेशकडं. त्यानं उघडलं, बॅटरी मारून बघितलं.

"मदरबोर्ड गेला, पॉवर सप्लाय गेला. हार्डडिस्कच्या खालची सर्किटची पाटीबी करपली. घरात असं धाडकन बंद-चालू करतं का कोण?"

विलास म्हणाला, "आमचे वडील. डायरेक्ट भिंतीवरचं बटण."

"मंग काय!"

एवढ्यावर निकाल लागला. महेशनं बोर्डाचा एक कोपरा नखानं खरवडून असंही म्हटलं की इथं ओल लागल्यासारखी दिसते, पण पावसाळाय, लागते. विलासचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

घरी आल्यावर विलास अण्णांना फार बोलला नाही. "किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला," इतकंच. अण्णा म्हणाले, "माझंच चुकलं."

मी आत भाजी चिरत होते. चिरत राहिले.

२५ सप्टेंबर, बुधवार

कॉलेजातल्या मशीनला बॅकअपची डिस्क लावली. माझी सगळी कागदपत्रं आहेत. विजेची बिलं, सहलीचे फोटो, विलासचे फॉर्म. अण्णांच्या फोल्डरमध्ये पहिल्या दोन आळ्या. तिसरी नाही. आधीचा अर्धामुर्धा तुकडाही नाही, कारण प्रत्येक बॅकअपला जुना पुसला जातो.

तीनदा शोधली. फायलीच्या नावानं, तारखेनं, 'मावळतीला' या शब्दानं.

घरी येऊन अण्णांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू डिलीट करीन म्हणालीस म्हणून मी ती डी मधनं काढून सी मधी आत ठिवली हुती. 'जुने फोटो' नावाच्या पेटीत. तिथं तू बघत न्हाईस."

पेटी. फोल्डरला ते पेटी म्हणतात.

म्हणजे माझ्यापासून लपवली होती. माझ्या टापटिपीपासून. सी मी कधीच बॅकअपला घेत नाही, तिथं फक्त विंडोज असतं, असं मला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं? मीच नियम केला होता म्हणून.

"माझंच चुकलं," पुन्हा म्हणाले. पुन्हा मी काही बोलले नाही. आता हे मोजायचं का?

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बावीस तारखेला जे लिहिलं नाही ते लिहिते.

गफूरभाई म्हणाले होते, "ताई, आज कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं न्हाय अजून. पावसाळी हवाय, आत लई साचतं. धा मिनटं थांबा, काढतो, मंग मारू."

मी म्हटलं, "चालतंय हो, मारा तुम्ही. घरी वाकळा भिजत पडल्यात."

त्यांनी मारली. हवेबरोबर तुषार आले, हातावर लागले मला. मी ओढणीनं बोर्ड टिपला. ओढणीनं! उन्हात दोन तास ठेवायला हवं होतं, एवढं मला कळतं. ऊन नव्हतं. मग पंख्याखाली तरी. पण आत्याबाईंना दाखवायचं होतं की माझंही धुणं झालं.

अण्णा दोन वर्षं ते बटण दाबत होते. मशीन त्यांनी मारलं नाही. दहा मिनिटं न थांबणाऱ्या बाईनं मारलं.

ही वही कुणी वाचत नाही. मग बावीस तारखेला मी हे कुणापासून लपवलं?

३० सप्टेंबर, सोमवार

पटांगणात सतरंज्या. अण्णांनी वह्यांतून दोन आळ्या वाचल्या. आवाज चांगला लागला. घरांची नावं आली की त्या त्या माणसांच्या माना वर व्हायच्या. कुणी मधेच म्हणे, "व्हय, व्हय, तिथंच रांजण हुता." एक माणूस उठून बाजूला जाऊन उभा राहिला आणि पाठमोराच राहिला.

वाचन संपलं. मग तिसऱ्या आळीतल्या भागाबाई बसल्या जागेवरून, "मास्तर, आमचं? मी सांगितलं हुतं की तुमाला. चूल कुठं, बाज कुठं, समदं."

अण्णांनी टोपी काढली. "भागाबाई, माझ्या हातानं गेलं. मला ते मशीन नीट बंद करता आलं न्हाय."

"मंग आता?"

"बघतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारपणी नसता नाद!" थोडं हसू झालं. वाईट हसू नव्हतं. पण अण्णा टोपी हातातच धरून बसले.

मी बायकांत बसले होते, चौथ्या ओळीत. शेजारची म्हणाली, "तुमचे सासरे लई भोळे हो."

मी मान हलवली.

१ ऑक्टोबर, मंगळवार

विलासला सगळं सांगितलं. टाकी, पाणी, ओढणी. ऐकून घेतलं, मग म्हणाला, "आता सांगून काय होणार? फाइल येणार आहे का परत?"

"अण्णांना वाटतंय त्यांचं चुकलं."

"वाटू दे की. चार दिवसांत विसरतील. तू सांगितलंस तर आई तुला जन्मभर ऐकवंल. अन् बटण दाबतच होते ना ते?"

हे शेवटचं वाक्य मला तासभर पटलं. ते पटत होतं, याचीच किळस आली. विलास वाईट नाही. त्याला घरात शांतता हवी असते, आणि ती नेहमी जो कमी बोलतो त्याच्याकडून घेतली जाते. आमच्या घरात तो माणूस म्हणजे अण्णा.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

सकाळी अण्णा अंगणात घटाची माती चाळत बसले होते. शेतातली काळी माती, चाळणीतून खडे बाजूला काढत. आत्याबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. एका दमात. गफूरभाई थांबा म्हणाले होते, हेही. महेशला ओल दिसली होती, हेही.

चाळणी चालूच राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग थांबली.

"तीस तारखेला तू बायकांत बसली हुतीस."

"हो."

"भागाबाई विचारत हुती तवा."

"हो."

आणखी काही विचारतील म्हणून बसून राहिले. त्यांनी माती पत्रावळीवर ओतली, हात धुतले आणि आत गेले.

मशीनबद्दल एक शब्द नाही. पाण्याबद्दल नाही. मी रडायची तयारी करून गेले होते, रागावतील, मग समजूत काढतील, असंही कुठंतरी धरून चालले होते. किती हिशेबी आहे मी.

६ ऑक्टोबर, रविवार

चार कामं नाहीत. रविवारी सकाळी काय करतात माणसं?

आत्याबाईंना कळलं. मीच सांगितलं, अण्णांनी नाही. जेवताना म्हणाल्या, "हवा भरायला ती काय ट्यूब हाय व्हय?" विलासनं माझ्याकडं 'बघ, सांगितलं होतं' असं बघितलं. हे सोसतं. हे सोपं आहे.

अण्णा बोलतात. "चहा ठेव", "पेपर आला का". पूर्वी दिवसभराचं टाइप केलेलं एखादं वाक्य वाचून दाखवायचे, मला कंटाळा यायचा. मी "छान" म्हणायचे आणि चुकलेली वेलांटी दाखवायचे.

महेशनं डिस्क सोलापूरच्या एका ओळखीच्याकडं पाठवली. अगदी तशाच डिस्कची खालची पाटी मिळाली, तर आतलं निघू शकतं म्हणाला. "जुनं मॉडेल हाय, वहिनी. मिळाली तर मिळाली." अण्णांना हे सांगितलं. "बरं," म्हणाले.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

हत्यारांच्या पूजेत आत्याबाईंनी विळा, कुऱ्हाड, विलासची पकड आणि रिकाम्या टेबलावरचा कीबोर्ड मांडला. त्याला हळदी-कुंकू वाहिलं. कुंकू बटणांच्या फटीत गेलं. काढायला हात पुढं झाला होता, मागं घेतला.

संध्याकाळी अण्णांना सोनं देऊन वाकले. हात डोक्यावर आला. दरवर्षी काहीतरी म्हणतात. या वर्षी म्हणाले नाहीत.

१३ ऑक्टोबर, रविवार

सोलापूरहून फोन नाही.

विलासकडून कळलं की अण्णांनी नवी वही आणलीय आणि आठवडाभर भागाबाईंच्या घरी जातायत. तिसरी आळी पुन्हा, पहिल्या घरापासून. जे तिघं नाहीत त्यांची घरं कशी लिहिणार, कुणास ठाऊक. मला वाटत होतं ते पारावर गप्पा मारायला जातात.

"घरात दिसली नाही वही," मी म्हटलं.

विलास जरा अडखळला. "मारुतीच्या देवळात ठेवतात. पुजाऱ्याच्या कपाटात."

माळ्यावर जागा आहे, त्यांची स्वतःची ट्रंक आहे. वही देवळात, कुलपात.

चार वाजता ते चप्पल घालत होते. मी दारात गेले. "अण्णा, रोज लिहून झालं की पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवू का? वही माझ्या हातात नको. पानं तुम्हीच उलटा, तुमच्यासमोर काढते, देवळातच."

त्यांनी चपलेचा अंगठा नीट बसवला. वेळ लावून.

"आधी लिहून तर हू दे," म्हणाले, आणि पायऱ्या उतरून भागाबाईंच्या घराकडं गेले.